डबा क्रमांक सदतीस आणि यमाजी

यमाजीबद्दल सांगायचं तर आधी माझ्या एका खुळाबद्दल सांगावं लागेल. इलाज नाही. ते खूळ नसतं तर डोळखांबच्या पुढच्या कातकरीवाडीतला यमाजी मला आयुष्यात भेटला नसता, आणि माझ्या हातून त्याचं जे झालं तेही झालं नसतं.

मी रंजिता. माहेर मुरबाडकडचं, नोकरी शहापुरात, एका सरकारी कचेरीत आकडे जुळवायची. तालुक्यात हातपंप किती, त्यातले चालू किती, बैल किती, शिलाई मशिनी किती. माझ्या कपाटात सगळ्याचे तक्ते होते. माझा मामेभाऊ हरेश पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. २००४ च्या दिवाळीत तो मुठीत मावेल असं एक यंत्र घेऊन आला. आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते आकड्यांत सांगणारं. त्या यंत्राचा म्हणे एक खेळ होता, जिओकॅशिंग. रानात, किल्ल्यावर, कुठेही एक डबा लपवायचा आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्यांनी यंत्र घेऊन यायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, हवी तर एक वस्तू घ्यायची, बदल्यात एक ठेवायची आणि डबा होता तिथे ठेवून निघून जायचं.

"म्हणजे लपाछपीच की!" मी म्हटलं. "घोडे झालात तरी रानात डबे लपवता? कामं नाहीत का रे तुम्हाला?"

आणि पुढच्या रविवारी मीच त्याच्याबरोबर डबा लपवायला गेले. माझं हे असंच आहे.

डोळखांबच्या पुढे एसटी सोडली आणि अर्धा तास चढून एका टेकडीवर गेलो. घट्ट झाकणाचा, आरपार दिसणारा प्लास्टिकचा डबा. आत वही, पेन्सिल, एक रबरी बेडूक, किचेन आणि मी घातलेलं टिकल्यांचं पाकीट. झाकणाला आतून मराठीत कागद चिकटवला: हा खेळ आहे, धोक्याचं काही नाही, डबा जागेवरच ठेवावा. खाली माझं नाव आणि कचेरीचा पत्ता. एका जुन्या ऐनाच्या झाडाच्या मुळांत खोबण होती, तीत डबा सरकवला. वर तीन चपटे दगड रचले. दगड मीच रचले, कारण हरेशला वाकायचा कंटाळा.

देशभर हा खेळ खेळणाऱ्यांचा एक गट होता. ईमेलवर चालायचा. पुणे, बंगळूर, दिल्ली, बहुतेक सगळे कॉम्प्युटरवाले, आणि येऊन-जाऊन असलेले परदेशी. आमचा डबा त्यांच्या यादीत सदतिसावा लागला. पण यादी म्हणजे नुसती यादी! कुठला डबा जिवंत, कुठला मेला, कोणाला पत्ता नाही. मला असला गबाळेपणा सोसत नाही. मी कळवलं की वर्षाची आकडेवारी मी काढते. आयती मोलकरीण मिळाल्यावर कोण नको म्हणतंय? तेव्हापासून दर जानेवारीला माझा तक्ता देशभर जायचा. प्रत्येक डब्यापुढे चार रकाने: सापडला, शोधूनही सापडला नाही, हरवला, चोरीला.

त्या आकड्यांत गंमत होती, खोटं कशाला बोलू. २००४ अखेर अडतीस डबे, पुढच्या वर्षी एकाहत्तर, २००६ ला एकशे दहा. शहरातला डबा सरासरी तीन महिने टिकायचा. देवळाजवळचा डबा पुजारीबुवा उचलून आत ठेवायचे. किल्ल्यावरचा सहलीला आलेल्यांच्या हाती लागायचा. दहांतले सहा जण एक डबा शोधून जे गायब व्हायचे ते कायमचे. दर तीन डब्यांतला एक वर्षाच्या आत जायचाच. आणि या सगळ्यात क्रमांक सदतीस मात्र आपला ठाण मांडून. दोन वर्षं, एकोणतीस जणांना सापडला, न सापडल्याची एकही नोंद नाही. असा डबा देशात दुसरा नव्हता. बंगळूरच्या एका गृहस्थांनी कळवळून विचारलं, यामागचं रहस्य काय? मी उत्तर धाडलं, "आमच्याकडची माणसं साधी आहेत." उचलली जीभ लावली टाळ्याला! ज्याने डबा ठेवला त्याने दर काही महिन्यांनी जाऊन पाहावं असा नियम होता. मी शहापूरच्या सायबर कॅफेत बसून 'पाहिला, ठीक आहे' असं लिहायची. पहिल्या दिवसानंतर मी त्या टेकडीवर एकदाही गेले नव्हते.

रहस्य होतं, आणि ते टेकडीच्या पायथ्याशी राहत होतं. पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, म्हणजे गोंधळ नको.

यमाजी जन्मला कोळशाच्या भट्टीवर. कुठल्या रानात, ते त्याच्या आईला, ठकूलाही धड सांगता यायचं नाही. बाप लवकर गेला. जमीन कधी नव्हतीच. पावसाळ्यात गावातल्यांच्या शेतावर आवणीला, म्हणजे भातलावणीला जायचं, श्रावणात खेकडे आणि मासे, दिवाळी झाली की बायकोला घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, आणि मिरगाच्या आधी परत वाडीत. विशीपासून त्याचं वर्ष असंच फिरत आलं. ठकूचे गुडघे गेल्यापासून ती मात्र भट्टीवर जायची नाही. वाडीतच राहायची.

बोलायला माणूस तुटक. हसणं तर मोजकंच. त्यालाही कारण होतं. १९९५ च्या सुमारास गावात एका घरची दोन पितळी भांडी गेली. पोलीस पाटील पंढरी सरळ वाडीवर आला आणि यमाजीला नेऊन भर दुपारी चौकात बसवलं. का, तर तो आदल्या दिवशी त्या घरी लाकडं टाकायला गेला होता. चार दिवसांनी भांडी त्याच घरच्या पेंढ्याच्या उडवीत सापडली. पण भांडी सापडली हे सांगायला चौकात कोणी कोणाला बोलावलं नाही.

आम्ही डबा ठेवला त्या दिवशी यमाजी तिथेच, खालच्या ओहळात खेकडे धरत होता. त्याने मला दगड रचताना पाहिलं. आता त्यांच्या रानातली रीत अशी: कोणी वाळकी लाकडं गोळा करून ठेवली, मधाचं पोळं हेरलं, की तिथे तीन दगड रचून ठेवायचे. ती खूण. ती वस्तू मग दगड रचणाऱ्याची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. पण खुणेला राखण लागते. राखणारं माणूस आसपास असेल तोवरच तिला मान. शहरातली बाई खूण घालून गेली, तिचं इथे कोणी नाही, म्हणजे राखण ज्याने पाहिलं त्याची. यमाजीने असा हिशेब केला आणि घरी जाऊन आईला सांगितलं. झालं! मायलेक माझ्या डब्याचे राखणदार. ना मला खबर, ना माझ्या तक्त्याला.

यंत्रवाले यायचे ते सगळे माझे पाहुणे, असं त्यांनी धरलं होतं. पाहुणे डबा उघडत, लिहीत, हसत, फोटो काढत आणि दगड कसेतरी टाकून निघून जात. मग यमाजी जाऊन दगड नीट रचायचा. तो भट्टीवर असताना ठकू लाकडांच्या निमित्ताने काठी टेकत तिथवर यायची. एकदा एका गुराख्याने डबा बाहेर काढला, तर म्हातारीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला म्हणे. "बायची चीज हाय ती! ठेव खाली!"

२००६ च्या भाद्रपदात ठकू तापाने गेली. दिवाळीनंतर वाडी भट्टीवर निघाली तेव्हा मागे राहणारं कोणीच नव्हतं. टेकडीवर दर वर्षी माघ-फाल्गुनात वणवा लागतो. आजवर ठकू त्याआधी डब्याभोवतीचं गवत काढून ठेवायची. गवत जळतं, प्लास्टिकचं काय होईल ते सांगायला नको. यमाजीने विचार केला, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात डबा बांधला आणि सोबत घेऊन गेला. सहा महिने माझा डबा भिवंडीकडे वीटभट्टीवर, त्याच्या खोपटाच्या आढ्याला टांगलेला होता.

इकडे डिसेंबरात पहिली नोंद आली, 'शोधला, नाही सापडला'. मग दुसरी. मग तिसरी, तीही लाल शाईत म्हणावी अशी, तासभर उन्हात शोधून वैतागलेल्या माणसाची. माझा देशातला पहिला नंबर हातचा चालला होता. मी हरेशला घेऊन तणतणत टेकडीवर गेले. खोबण रिकामी, दगड बाजूला नीट एकावर एक ठेवलेले. ते नीट ठेवलेले आहेत हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ काय, हा विचार केला नाही.

खाली गावात पंढरी पाटील भेटला. त्याने मिशीवरून हात फिरवला. "म्याडम, यात इचारायचं काय? वाडीवाल्यांचं काम. बगा ना, समदे पळाले बी."

पाटलाबरोबर वाडीत गेलो. सगळी दारं काट्यांनी बंद. माणूस नाही, कोंबडं नाही. मी मान डोलावली. नुसती मान डोलावली नाही, "असंच दिसतंय, आता कॉम्प्युटरात तसंच लिहावं लागेल" असं पाटलाला म्हणालेसुद्धा. आणि जानेवारीच्या तक्त्यात सदतीस क्रमांकापुढे चौथ्या रकान्यात खूण केली. चोरीला. हरेशने त्यावरून डब्याच्या पानावर लिहून टाकलं की स्थानिक आदिवासींनी डबा पळवला. बंगळूरच्या गृहस्थांचं एका ओळीचं उत्तर आलं, शेवटी तिथेही तेच. मला वाईट वाटलं ते डब्याचं. माणसांचं काही माझ्या डोक्यातही आलं नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, अकराच्या सुमारास, कचेरीच्या दारात एक माणूस उभा राहिला. पंचेचाळिशीचा, विटांच्या धुळीने केस लालसर झालेला, हातात लुगड्याचं गाठोडं.

"रंजिता बाय तूच का?"

आमच्याकडे कातकरी माणूस साहेबालाही 'तू' म्हणतो, त्यात अनादर नसतो. पण मी कामात होते. "हो. काय काम आहे रे?"

त्याने गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. डबा क्रमांक सदतीस! मी खुर्चीतून उठलेच.

"तुजी चीज," तो म्हणाला. "मोज."

"अहो, पण तुम्ही कोण? हा कुठे मिळाला तुम्हाला?"

"मी यमाजी. मागून सांगतो. पयला मोज. समद्यांच्या म्होरं मोज."

शिपाई आणि दोन कारकून एव्हाना गोळा झाले होते. मी झाकण उघडलं आणि एकेक वस्तू टेबलावर मांडली. रबरी बेडूक, किचेन चार, बिल्ले, एक शिट्टी, टिकल्यांचं पाकीट, असं करत करत सव्वीस झाल्या. वही वेगळी. पेन्सिल वेगळी.

"पेन्सल बारकी झाली ती लिवून लिवून," यमाजी घाईने म्हणाला. "मी मोडली नाय. मी तर डबाच उघडला नाय."

"बरोबर आहे सगळं," मी म्हटलं.

"किती व्हत्या, तुला ठाव हाय?"

पाहुणे वस्तू काढत-घालत होते, त्यांची यादी कोणी ठेवली होती? तालुक्यातले हातपंप मोजणारी मी, माझ्याच डब्यात काय असायला हवं ते मला माहीत नव्हतं.

"नाही ठाऊक," मी म्हटलं.

"मंग बरोबर कशाला म्हनतेस?"

कारकून हसले. मला हसू आलं नाही. मी त्याला खुर्ची दिली, "बसा यमाजी" म्हटलं, आणि मग त्याने सगळं सांगितलं. खूण, राखण, आई, वणवा, भट्टी. झाकणाच्या आरपार दिसणारा कागद भट्टीच्या मुनशीने वाचून दाखवला, म्हणून माझं नाव कळलं. तो खरं तर डबा परत टेकडीवरच ठेवणार होता. पण काल एसटीतून उतरला तोच समोर पंढरी पाटील. गाठोड्यातून डबा दिसत होता. "हाच तो! सापडला मुद्देमालासकट!" म्हणून पाटलाने त्याला चौकात उभं केलं, गाव जमवलं आणि सांगितलं की तुझी चोरी कॉम्प्युटरात आली आहे. दोन शेतकऱ्यांनी तिथेच सांगून टाकलं, यंदा आवणीला आमच्याकडे येऊ नको. पाटील डबा जप्त करत होता, पण यमाजीने तो सोडला नाही. जिची चीज तिच्याच हातात देईन म्हणाला, आणि सकाळची पहिली गाडी धरून आला.

"आता तू कागुद दे," तो म्हणाला. "काय गेला नाय म्हनून. दोन वेळा मला चौकात हुबा केला. आता पोरीचा लगीन हाय. चोराची पोरगी कोन नेईल?"

मला लाज वाटली. न सांगता भागलं असतं. पण सांगितल्याशिवाय मला कागद लिहिता येईना.

"यमाजी, चोरीला गेला असं मीच लिहिलं होतं."

"तू?"

"हो."

"कुठं कुठं गेला तां लिवलेला?"

"देशभर."

"दगुड तू रचलेस," तो हळूहळू म्हणाला, "मी बगितला तुला. मंग माज्या दाराशी येऊन एकडाव इचाराचा व्हता. घर बंद व्हता त थांबाचा व्हता. आमी कुठं पलून जातो गो बाय? मिरगाला येतोच."

मिरगाला येतोच! तालुक्यातली किती कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर जातात आणि मिरगाला परततात, याचा वाडीवार तक्ता माझ्याच कपाटात होता. दर वर्षी मीच भरत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता, आणि संन्याशाला फाशी देणारी मी होते.

मी कागद ओढला आणि लिहिलं. मग वाचून दाखवलं: "दाखला देण्यात येतो की यमाजी याने सदर डबा चोरलेला नाही, तसेच त्यातील कोणतीही वस्तू..."

"थांब. तां चोरीचा नाव कशाला घालतेस?"

"अहो, चोरला नाही असंच लिहिलंय."

"लोक 'चोरला' तवराच ऐकतात. मला ठाव हाय ना. तां काड. लिव, यमाजीनी सांबाळला."

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

"आयचा नाव बी घाल," तो म्हणाला. "मी भट्टीवर असताना तीच जायची. गुडघे दुखायचे तरी जायची."

मी लिहिलं: 'मी रंजिताने नोव्हेंबर २००४ मध्ये रानात ठेवलेला डबा ठकू आणि तिचा मुलगा यमाजी यांनी अडीच वर्षे सांभाळला आणि आज माझ्या स्वाधीन केला. मी न विचारता त्यांच्याबद्दल चुकीचे लिहिले, ती चूक माझी.' खाली सही केली.

"शिक्का मार."

"शिक्का सरकारी आहे, यमाजी. माझ्या खासगी कागदावर नाही मारता येत."

"बिनशिक्क्याचा कागुद पंढरी पाटील मानल?"

नाहीच मानणार. पंढरीला मी ओळखत होते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारकुनांच्या हसण्याकडे पाठ केली आणि यमाजीबरोबर डोळखांबच्या एसटीत बसले. जायच्या आधी कॅफेत शिरून दोन गोष्टी केल्या. तक्त्यातली खूण खोडली, आणि सगळ्या गटाला कळवलं की डबा चोरीला गेला नव्हता, चूक मोजणारीची आहे. किती जणांनी वाचलं, देव जाणे. चुकीचा आकडा दहा जण उतरवून घेतात, दुरुस्ती कोणी उतरवत नाही, हे मला आधीपासून माहीत आहे.

चौकात पोचलो तेव्हा चार वाजले होते. पाटील पारावर होता. ते दोन शेतकरीही होते. सरकारी बाई आली म्हटल्यावर पंधरा-वीस माणसं सहज जमली. वाडीच्या बायकाही आल्या, पण जरा लांब उभ्या राहिल्या. यमाजी पुढे येऊन उभा राहिला, काल जिथे उभं केलं होतं तिथेच.

मी कागद वाचला.

"बरं बरं," पंढरी पाटील म्हणाला. "डबा गावला ना म्याडम? झालं तर मग. मिटलं."

शेतकऱ्यांपैकी एक जण खाली बघत म्हणाला, "ये रे यमाजी आवणीला. आमी काय मनात धरून नाय." मनात धरायचं असलंच तर ते यमाजीने! माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. मला बोलायला तोंड नव्हतं. मी कागदाची घडी घातली आणि यमाजीकडे दिली.

त्याने ती घेतली नाही.

"परत वाच," तो म्हणाला.

"का? सगळ्यांनी ऐकलंय."

"आयचा नाव हलू घेतलास. त्या मागच्या बायांना आयकू नाय गेला."

मी घडी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने वाचलं.